पाचवा मजला, मूळ पट्टीत

मास्तर शिंपी होते आणि गात होते. पहिलं काम त्यांना उत्तम येतं ह्याबद्दल वस्तीत दुमत नव्हतं. दुसऱ्याबद्दलही कुणी कधी ब्र काढला नव्हता, पण त्याचं कारण वेगळं होतं आणि ते मास्तरांना फार उशिरा कळलं. आता ही हकिकत ते स्वतःच सांगतात, कपडे न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून, आणि सांगताना स्वतःला कुठेही सूट देत नाहीत. "गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणतात," ते म्हणतात. "मला तर पाच वर्षं गूळ कोण भरवतंय हेसुद्धा कळलं नव्हतं."

तर वस्तीत एक हौशी नाट्यमंडळ होतं. वर्षातून एकदा, एका रविवारी दुपारी चार वाजता, सभागृहात घडीच्या दोनशे खुर्च्या मांडून ते काहीतरी करायचं. मंडळ चालवायच्या हेडबाई. त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून झाली नव्हती. तालमीला हजेरी घेत, उशिरा येणाऱ्याला दाराबाहेर उभं करत, त्यात साठीची माणसंही मान खाली घालून उभी राहत.

यंदाचा कार्यक्रम होता 'जोडीची गाणी'. जोडी म्हणजे एक कवी आणि एक संगीतकार. दोघांना जाऊन तीसेक वर्षं झाली होती, पण संगीत नाटकांसाठी त्यांनी मिळून केलेली गाणी अजून लोक भांडी घासताना म्हणत. दोघं एकाच खोलीत बसून काम करायचे आणि त्या खोलीला त्यांनी मुद्दाम दोन दारं पाडून घेतली होती म्हणे. भांडण झालं की एक ह्या दारानं जाणार, एक त्या दारानं, कुणी कुणाला वाट द्यायला नको. दुसऱ्या दिवशी दोघं आपापल्या दारानं परत यायचे आणि गाणं पुढे सुरू व्हायचं.

ह्या जोडीचं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणजे 'पाचवा मजला'. नाटकात एक हमाल पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि एक दिवस धीर करून जिना चढायला लागतो. प्रत्येक मजल्याला एक कडवं. मजला चढला की सूरही चढतो, आणि पाचव्या मजल्यावर तो दारापुढे उभा राहून म्हणतो, "दार उघड ना, एवढं चढून आलो." त्या 'दार'चा सूर इतका उंच आहे, की म्हणणाऱ्याच्या टाचा आपोआप उचलल्या जातात.

मंडळाचा कार्यक्रम कुठलाही असो, शेवट ह्या गाण्यानंच व्हायचा आणि ते मास्तरच म्हणायचे, अठरा वर्षं. पाचव्या मजल्याला सगळं सभागृह उठून उभं राहायचं आणि बरोबर गायचं. मास्तर ते गाणं तालमीत कधी म्हणत नसत. "हिरा रोज घासायचा नसतो," ते म्हणत. हिरा घासूनच चमकतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

कीबोर्ड वाजवायची त्यांची बायको. ती दवाखान्यात नर्स होती आणि तिचा हात असा हलका, की लोक बाही खाली करून विचारत, "टोचलंत का?" गाण्यांना साथ करणं तिला मनापासून आवडायचं, पुढे येणं अजिबात नाही. मास्तरांच्या गाण्याआधी तिची एक सवय होती. कीबोर्डवर वाकायची आणि कडेचं एक छोटं बटण हलकेच दाबायची, टक, टक. मास्तरांना वाटायचं, वाद्याला नमस्कार करते आहे. पाच वर्षांपूर्वी तो एकदाच असायचा. मग दोनदा झाला, मग तीनदा. गेल्या वर्षी चांगला पाचदा. वयाबरोबर बायकोची भक्ती वाढत चालली आहे, अशी मास्तरांनी मनाशी नोंद केली आणि तिचं थोडं श्रेय स्वतःच्या गळ्याला दिलं.

यंदा पहिल्याच तालमीला हेडबाईंनी खडा टाकला. "मास्तर, पाचवा मजला ह्या वर्षी आपल्या प्लंबरला द्यावा म्हणते. तुम्ही निवेदन करा ना. तुम्ही बोलता किती छान!"

गाणाऱ्याला 'तुम्ही बोलता छान' म्हणणं म्हणजे सुगरणीला 'तुमच्याकडचं पाणी फार गोड' म्हणण्यासारखं आहे. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. प्लंबर तिशीतला, तीन वर्षांपूर्वी मंडळात आलेला, सरळ माणूस आणि सरळ आवाज. त्याचा राग यावा असं त्यानं काही केलं नव्हतं, म्हणून मास्तरांना त्याचा जास्तच राग यायचा.

"द्या की," मास्तर म्हणाले. "पण ते गाणं काळी तीनमध्ये आहे. संगीतकारानं तसंच लिहून ठेवलंय. मी अठरा वर्षं काळी तीनमध्ये गातोय, एक सूत इकडेतिकडे नाही. विचारा ह्याला, जमेल का काळी तीन?"

प्लंबरनं प्रामाणिकपणे मान हलवली. "नाही बाई. एवढं वर मला नाही जमायचं. पांढरी दोनपर्यंत ओढून ताणून जाईन."

सभागृहात एकदम शांतता पसरली. कुणीतरी खोकलं. हेडबाईंनी मास्तरांच्या बायकोकडे पाहिलं आणि बायको कीबोर्डच्या वायरचा नसलेला गुंता सोडवायला लागली. मास्तरांनी त्या शांततेचा अर्थ लावला, की आपण बाजी मारली.

इथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण मास्तरांचा स्वभाव असा, की धोंडा दिसला की पाय पुढे करायचा. सभागृहाच्या कोपऱ्यात चादरीखाली एक जुना पियानो पडून होता, त्यावर लोक छत्र्या ठेवत. मास्तरांनी चादर ओढली. "जोडीनं सगळी गाणी पियानोवर बसवली. मग आपणही पियानोवरच करू. मूळ वाद्य, मूळ पट्टी! पत्रकावर छापा तसं."

"अहो, पियानो कशाला?" बायको घाईघाईनं म्हणाली. "माझा हात कीबोर्डवर बसलाय."

"पियानोच्या पट्ट्या काय वेगळ्या असतात? तू घाबरू नकोस. मी आहे ना."

हे 'मी आहे ना' सांगताना मास्तर आता दर वेळी थांबतात आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतात.

पत्रक छापून झालं. खाली ठळक अक्षरात ओळ होती: 'पाचवा मजला, मूळ पट्टीत, पियानोच्या साथीनं.' मास्तरांनी त्यातलं एक दुकानात आरशाला चिकटवलं, म्हणजे माप देणाऱ्याला ते वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

गुरुवारी दुपारी पियानो लावणारा येऊन तारा ओढून गेला. म्हणजे जायच्या तयारीत होता, तेवढ्यात संध्याकाळची तालीम सुरू झाली आणि मास्तर म्हणाले, "एकदा वाद्य कसं बोलतंय बघू." बायको पियानोवर बसली. ती मास्तरांकडे बराच वेळ बघत होती. त्यांनी हातानं खूण केली, कर सुरू.

पहिला मजला ते चढले, पण दार लागायच्या आत दम लागला. दुसऱ्या मजल्यावर मानेच्या शिरा उभ्या राहिल्या. तिसऱ्या मजल्यावर कापड टर्रकन फाडावं तसा आवाज झाला आणि सभागृहातल्या सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या बुटांकडे पाहिलं.

मास्तर गर्रकन पियानो लावणाऱ्याकडे वळले. "अहो, किती वर चढवून ठेवलाय तुम्ही हा!"

त्या म्हाताऱ्यानं पिशवीतून दोन बोटांचा नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि पियानोच्या लाकडाला टेकवला. मग एक पट्टी दाबली. दोन्ही सूर एकात एक मिसळून गेले. "काट्याला कुणाची भीड नसते," तो म्हणाला आणि पिशवी उचलून निघून गेला.

घरापर्यंतच्या रस्त्यात मास्तरांनी त्या म्हाताऱ्याला, त्याच्या काट्याला, सभागृहातल्या धुळीला आणि दुपारच्या थंड पाण्याला क्रमाक्रमानं दोषी ठरवलं. बायको शेजारून चालत होती. घरात आल्यावर तिनं पर्स ठेवली, कीबोर्डची वायर लावली आणि म्हणाली, "इकडे या जरा. हे बघा, इथे शून्य दिसतंय? आता गा. शेवटचा मजला."

मास्तरांनी गायला तोंड उघडलं आणि मिटलं. ऐकायला कुणी नसताना आव आणण्यात अर्थ नव्हता.

बायकोनं ते छोटं बटण दाबलं. टक, टक, टक, टक, टक. काचेवर 'वजा पाच' आलं. "आता."

मास्तर गायले. वर थोडी ओढाताण झाली, पण पोचले. त्यांचाच आवाज, त्यांचाच पाचवा मजला, अठरा वर्षांचा ओळखीचा. बायकोची बोटं मात्र त्याच पट्ट्यांवर होती, काळी तीनवर.

"ह्याला ट्रान्सपोज म्हणतात," ती म्हणाली. "एकदा दाबलं की सगळं वाद्य एक पट्टी खाली उतरतं. पियानोला हे बटण नसतं."

नमस्काराचा उलगडा व्हायला मास्तरांना एवढं पुरलं. ते खुर्चीवर बसले. "म्हणजे पाच वर्षं तू मला फसवत होतीस."

"हो."

"एकदा तरी सांगायचंस!"

"पहिल्या वर्षी सांगणारच होते. पण तुम्हाला खोकला होता. म्हटलं, एवढ्या वर्षापुरतं."

"आणि दुसऱ्या वर्षी?"

"दुसऱ्या वर्षी खोकला नव्हता," ती म्हणाली. "तुम्ही स्टेजवरून उतरलात ना, तेव्हा इतके खूश होतात. मला नाही सांगवलं."

"वर्षाला एक सुई टोचलीस आणि मला कळूसुद्धा दिलं नाहीस! नर्स कुठली!" मास्तरांचा आवाज आता काळी तीनच्याही वर गेला होता, पण तो गाण्याच्या कामाचा नव्हता. "माणसाला खरं सांगायला नको?"

"तुम्ही सांगता का? त्या बँकेतल्या साहेबांची कंबर तुमच्या वहीत किती आहे?"

वहीत चौतीस होती. साहेबांच्या अंगावर ती अडतीस होती. दर वर्षी मास्तर टेप लावत, मोठ्यांदा "चौतीस!" म्हणत आणि कापताना गुपचूप वाढवत. साहेब दर वर्षी आरशात बघून म्हणत, "अजून तसाच आहे की मी."

"ते वेगळं," मास्तर म्हणाले. "तो धंदा आहे."

"आणि हा संसार आहे."

मास्तरांनी विषय बदलला. "कुणाकुणाला माहीत आहे हे?"

बायकोनं बोटं मोजायला घेतली आणि मध्येच सोडून दिली. "मंडळात सगळ्यांना. इथे फक्त बाबांना माहीत नाही, त्यांना ऐकूच येत नाही ना."

बाबा म्हणजे मास्तरांचे सासरे. ते आतल्या खोलीत राहत, कान गेलेले, आणि जावयावर त्यांचा जीव. जावई हा दहावा ग्रह म्हणतात, पण सासरेबुवांच्या आकाशात बाकीचे नऊ नव्हतेच.

मास्तरांना पहिल्या तालमीची ती शांतता आठवली. प्लंबरला "जमेल का काळी तीन?" असं विचारताना आपला चेहरा कसा झाला असेल, तेही आठवलं. पोरगा पांढरी दोन म्हणाला होता. म्हणजे आपल्या वजा पाचपेक्षा एक पट्टी वर. आणि तरी तो हसला नव्हता.

गुडघे कुरकुरायला लागले होते. चष्म्याचा नंबर दर वर्षी बदलत होता. सुईत दोरा ओवायला त्यांनी एक छोटी तारेची कडी आणली होती आणि गिऱ्हाईक आलं की ती टेबलाखाली लपवत. पण आवाज तसाच आहे, ह्या एका आधारावर मास्तरांनी साठी ओलांडली होती. त्या संध्याकाळी तो आधारही गेला. त्यांना राग आला होता असं त्यांना वाटत होतं. खरं तर त्यांना भीती वाटत होती, आणि ती बायकोला दिसत होती.

"मी पियानोवर खालच्या पट्टीत बसवते," ती म्हणाली. "सगळी बोटं बदलतील, पण दोन दिवस आहेत. किंवा सरळ कीबोर्ड नेऊ."

"खबरदार!" मास्तर म्हणाले. "पत्रकावर मूळ पट्टी छापलंय. मूळ पट्टीत गाईन, नाहीतर गाणार नाही. आवाज लावला की येतो."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो असा.

जोडीच्या खोलीला दोन दारं होती. मास्तरांच्या घराला एकच. त्यामुळे पुढचे दोन दिवस दोघं एकाच दारातून जा-ये करत होती आणि "सरका जरा" एवढंच बोलत होती. बायको दवाखान्यातून आली की कानाला हेडफोन लावून कीबोर्डवर बसे. आवाज तिच्या एकटीच्या कानात. मास्तरांना नुसती पट्ट्यांची खटखट ऐकू यायची, आणि मध्येच थांबून पुन्हा तिथूनच खटखट. कशाची तालीम चालली आहे हे त्यांना कळत होतं आणि ते पाठ फिरवून बसत होते.

ते स्वतः दुकानात, टांगलेल्या विजारींमध्ये उभं राहून आवाज लावत होते. गरम पाणी, मध, गुळण्या सगळं झालं. शनिवारी हेडबाई कोटाची बाही आखूड करून घ्यायला म्हणून आल्या. बाही मुळीच लांब नव्हती.

"मास्तर, अजून वेळ आहे," त्या म्हणाल्या. "पत्रक म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. कीबोर्ड आणायला सांगू?"

"बाई, तुम्ही निवेदन करा. तुम्ही बोलता छान," मास्तर म्हणाले. आयुष्यात वेळेवर सुचलेलं हे त्यांचं एकमेव उत्तर, आणि तेही चुकीच्या बाजूनं.

रविवारी सभागृह भरलं. सासरेबुवा पहिल्या रांगेत मधोमध, नवा शर्ट घालून, काठीवर दोन्ही हात ठेवून. हेडबाईंनी जोडीची गोष्ट सांगायला घेतली आणि लोक दोन दारांना पोट धरून हसले. प्लंबरनं दोन गाणी म्हटली, दोन्ही सुरेख. मास्तर विंगेत उभं राहून त्याच्या कोटाकडे बघत होते, कारण कोट त्यांनी शिवला होता आणि गाण्याकडे बघवत नव्हतं. कोट खांद्यावर छान बसला होता. पोराला बाहीत थोडी जास्त जागा द्यायला हवी होती, असं त्यांच्या मनात आलं. बायकोनं अकरा गाणी पियानोवर वाजवली आणि तिचा हात कुठेही अडखळला नाही.

मग बारावं गाणं. मास्तर पुढे आले. टाळ्या पडल्या, नेहमीपेक्षा जोरात. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. तिचे हात पट्ट्यांच्या वर थांबले होते आणि ती विचारत होती, हे त्यांना स्वच्छ कळलं. त्यांनी मान हलवली, वरच. तिनं वरच्या पट्टीत सुरुवात केली.

पहिले दोन मजले त्यांनी अनुभवाच्या जोरावर काढले. तिसऱ्या मजल्यावर गाणं सोडून बोलायलाच लागले, छातीवर हात ठेवून, धापा टाकत. लोकांना वाटलं हमालाचा अभिनय आहे, काहींनी वाहवा दिली. चौथ्या मजल्यावर तेल न घातलेल्या बिजागरीसारखा आवाज यायला लागला. तेवढ्यात नेहमीप्रमाणे दोनशे माणसं खुर्च्या मागे सारून उभी राहिली आणि पाचव्या मजल्यावर मास्तरांच्या बरोबर त्यांनीही आवाज लावला.

पाच वर्षं त्या सगळ्यांना खालच्या मजल्याची सवय झालेली. 'दार' जिथे असेल असं वाटलं होतं तिथे ते नव्हतंच. दोनशे गळे एकदम वर गेले आणि एकदम घसरले, जिन्यावरून भांड्यांची टोपली सुटावी तसे. कुणी किंचाळलं, कुणी मध्येच खोकलं, एक बाई हसत सुटल्या आणि त्यांना थांबता येईना. बायकोनं हात उचलले. पियानो गप्प झाला.

"काय झालं?" "कुठे चुकलं?" अशी कुजबुज सुरू झाली. आणि त्या कुजबुजीत सासरेबुवांचा, ऐकू न येणाऱ्या माणसाचा खणखणीत आवाज उठला. "आमच्या मुलीनं घोळ घातला! जावईबापूंचं नाही हं! वाजवणारीचं चुकलं!"

लोकांना पटलं. "पियानोवर हात बसलेला नाही बिचारीचा," कुणीतरी म्हणालं. "हो ना, दर वर्षी तर कसं छान होतं." हेडबाई विंगेतून लगबगीनं पुढे येत होत्या, पियानोवर काहीतरी खापर फोडायला. आणि बायकोनं दोन्ही हात मांडीवर घेतले होते आणि लोकांकडे बघून किंचित हसत होती, आपलंच चुकलं असावं तसं. ती एक शब्द बोलणार नव्हती. आजही नाही आणि नंतर घरी गेल्यावरही नाही.

मास्तरांनी नुसतं गप्प उभं राहायचं होतं. एवढं केलं की अब्रू शाबूत, पत्रक शाबूत, आवाज तसाच. पुढच्या वर्षी कीबोर्ड आणि सहा नमस्कार. गप्प राहणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं, पण त्या क्षणी ते जमेल की काय अशी त्यांना स्वतःचीच भीती वाटली. मग त्यांनी बायकोच्या त्या हसण्याकडे पाहिलं आणि त्यांना इतकी लाज वाटली की पाय आपोआप पुढे पडले.

"थांबा," ते म्हणाले. "बाबा, खाली बसा. चूक तिची नाही."

सासरेबुवांना ऐकू गेलं नाही. बाकी सगळ्यांना गेलं.

"माझा आवाज उतरलाय," मास्तर म्हणाले. "पाच वर्षं झाली. मला माहीत नव्हतं, कारण हिनं कळू दिलं नाही. दर वर्षी ही वाद्य एक पट्टी खाली आणत होती आणि मी पाचव्या मजल्यावर पोचलो म्हणून टाळ्या घेत होतो. खरं म्हणजे मी तळघरात उभा होतो. तुम्हालाही सगळ्यांना तळघरातच आणून ठेवलं होतं, म्हणून आज तुमचाही पाय घसरला. पियानो चांगला आहे. पियानो मीच मागितला, पत्रक मीच छापायला लावलं, आणि गुरुवारी ही म्हणाली खाली घेऊ, तेव्हा हिच्यावर मीच ओरडलो. तिनं आज एकही सूर चुकवलेला नाही. पाच वर्षांत नाही."

कुणी हसलं नाही. विंगेत प्लंबर कोटाचं बटण धरून उभा होता.

ते पियानोकडे वळले. "खाली घे," ते म्हणाले. हे चारचौघांत त्यांना आजवर कुणी म्हणू शकलं नव्हतं, आणि त्यांनी तर नाहीच.

बायकोनं हात परत पट्ट्यांवर ठेवले. पाच वर्षं तिनं हे न विचारता ठरवलं होतं. आज तिनं सगळ्यांदेखत विचारलं.

"किती?"

"पाच," मास्तर म्हणाले.

तिनं मान हलवली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती, ह्या खेपेला लोकांकडे बघून नाही.

"सहा," ती म्हणाली. "यंदा सहा."

मास्तरांनी एकदा सभागृहाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "सहा," ते शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, आणि तिनं पहिल्या मजल्यापासून वाजवायला सुरुवात केली.